नितीनजी, टायरचे प्रगतिपुस्तक कुठे आहे?

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली



बेंगळुरूहून पत्र आले म्हणजे खड्ड्यांची तक्रार असणार, असे आपल्याला वाटेल. ती नाही. शहरातले रस्ते आपल्या मंत्रालयाचे नाहीत. सप्टेंबर २०२५पासून ते पाच नव्या महापालिकांत वाटले गेले आहेत, आणि त्यांच्यावर इथे इतके बोलून झाले आहे, की त्याच महिन्यात आउटर रिंग रोडवरच्या एका कंपनीने खड्ड्यांचे कारण देऊन जागा सोडत असल्याचे जाहीर केले तेव्हा नवल वाटले ते एवढेच, की हे आधी कोणी कसे केले नाही. माझे काम आपल्या खात्याचेच आहे. ते टायरबद्दल आहे.

घरात सात जणांची मोठी एसयूव्ही आहे. कारखान्यातून आलेले टायर संपले. नवे घ्यायचे आहेत, आणि या खेपेला गचके कमी बसावेत एवढीच इच्छा आहे. मागच्या रांगेत आई-वडील बसतात, त्यांच्या कंबरेचा प्रश्न आहे. अशा गाडीचे चार टायर साठ-सत्तर हजारांच्या घरात सहज जातात. इतके पैसे मोजताना माणसाने कशावर विसंबायचे? आज त्याचे उत्तर आहे: दुकानदाराच्या जिभेवर आणि शेजाऱ्याच्या अनुभवावर. आणि हे अशा देशात, जिथे टायरची पकड, वाया जाणारी ऊर्जा आणि आवाज मोजल्याशिवाय तो विकायला परवानगीच मिळत नाही. तो नियम आपल्याच मंत्रालयाने केला. त्याकडे येतोच. आधी दुकानात काय चालते ते सांगतो.

बेंगळुरूत मोठ्या गाडीचे टायर झिजून संपत नाहीत, म्हातारे होऊन संपतात. टॉमटॉमच्या २०२२च्या मोजणीत शहराच्या मध्यभागी दहा किलोमीटर जायला सरासरी २९ मिनिटे लागत होती. अशा शहरात ऑफिसला जाणारा माणूस मेट्रो नाहीतर स्कूटर धरतो आणि मोठी गाडी अपार्टमेंटच्या तळघरात उभी राहते. निघते ती कूर्गला, नाहीतर गणपतीला कोल्हापूर-पुण्याकडे. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जायला नको. इथे ती पाच-सहा वर्षांनीही भरपूर उरलेली असते. पण रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने कडक होत राहते, गाडी चालो वा न चालो. गाडी दणके देऊ लागते, मालक शॉकअप बदलतो, सीटवर उशा टाकतो, आणि टायरकडे बघून म्हणतो, ‘नक्षी तर नवी आहे.’ टायरच्या अंगावर चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. नवा टायर घेतानाही ते आकडे आधी बघावेत, कारण दुकानाच्या माळ्यावर पडलेला टायरही म्हातारा होतच असतो.

मग माणूस जे. सी. रोडला किंवा लालबाग रोडला जातो. ‘सॉफ्ट बेका सर?’ हा पहिला प्रश्न. हो म्हटले, की त्या दिवशी गोदामात जो टायर असतो तो सॉफ्ट ठरतो. बाहेर चहाच्या टपरीवर दुसरे विद्यापीठ भरलेले असते: अमुक कंपनी मऊ, तमुक दणकट, तिसरी शांत पण लवकर झिजते. यात तथ्य असेलही, पण कंपनीच्या नावावरून टायर ओळखता येत नाही. अपोलोच्या अॅप्टेराचे, ब्रिजस्टोनच्या ड्यूलरचे, जेकेच्या रेंजरचे महामार्गासाठी वेगळे आणि कच्च्या रस्त्यासाठी वेगळे प्रकार आहेत. नाव एकच, स्वभाव अगदी निराळे. एच/टी लिहिलेला टायर डांबरासाठी असतो. ए/टी हा अर्धा डांबराचा, अर्धा दगडधोंड्यांचा. त्याच्या नक्षीचे ठोकळे मोठे, मधल्या फटी रुंद, म्हणून तो काँक्रीटवर गुणगुणतो. बेंगळुरूतल्या अनेक एसयूव्हींना केवळ रुबाबासाठी ए/टी बसवलेले दिसतात, आणि त्यांचे मालक मग व्हाइट टॉपिंगच्या काँक्रीट रस्त्यावर गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवत नेतात. दगडांतून जायचेच नसेल, तर ए/टीचा विचार सोडून द्यावा. गचक्यांच्या बाबतीत ही पहिली आणि सगळ्यांत स्वस्त निवड.

दुसरी निवड आकाराची, आणि तिच्यावर मला जरा रेंगाळायचे आहे, कारण दुकानांत तिच्याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही.

फॉर्च्युनरचे उदाहरण घेतो. ही गाडी इथून तासाभराच्या अंतरावर बिडदीला तयार होते, आणि तिच्या कंपनीच्या नावात ‘किर्लोस्कर’ आहे. बेळगावात सायकली विकणाऱ्या लक्ष्मणरावांचे आडनाव देशभरातल्या पुढाऱ्यांच्या ताफ्यांतून फिरते आहे, हे बघून मला दर वेळी गंमत वाटते. (आपण स्वतः २०२२मध्ये हायड्रोजनवर चालणाऱ्या मिराईतून संसदेत गेलात, तीही टोयोटाचीच.) तर, या फॉर्च्युनरच्या काही प्रकारांना २६५/६५ आर १७ टायर येत असे आणि काहींना २६५/६० आर १८. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. गणित केले तर १८ इंची टायरची भिंत १५९ मिलिमीटर उंच भरते आणि १७ इंचीची १७२. पूर्ण चाकाचा व्यास मात्र दोन्हींचा ७७५-७७६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास सारखाच. स्पीडोमीटर फसत नाही, गाडीची उंची बदलत नाही. फक्त खड्डा आणि रिम यांच्यामध्ये रबर आणि हवेचा तेरा मिलिमीटर जास्त थर येतो. शिवाय लहान रिम बहुधा वजनाने हलकी असते, त्यामुळे चाक खड्ड्यात उतरून वर येते तेव्हा स्प्रिंग आणि शॉकअपवरचा ताणही कमी.

आता उलटा प्रवास बघा. हौसेने २० इंची अलॉय बसवली आणि व्यास तोच राखायला २६५/५० आर २० घेतला, तर भिंत उरते १३२. सतरा इंचीपेक्षा चाळीस मिलिमीटर कमी. शोरूममध्ये मोठे चाक उठून दिसते, म्हणून प्रत्येक गाडीच्या वरच्या श्रेणीला मोठी रिम देण्याची चढाओढ लागली आहे. टाटा सफारीच्या वरच्या श्रेणीला १९ इंची चाके आहेत. जास्त पैसे भरून कमी रबर घेणारे आपण लोक. जर्मनीच्या ऑटोबानवर त्या पातळ भिंतीला काही अर्थ आहे, वळणावर गाडी नेमकी राहते. आपल्या तवंदी घाटात, किंवा कोरमंगलाच्या आतल्या गल्लीत दर शंभर पावलांवर घातलेल्या हंपवर, ती भिंत फक्त कंबर मोडते आणि अधूनमधून रिमही.

म्हणजे आरामासाठी सगळ्यांत मोठा बदल टायरच्या कंपनीत नसून एक इंच खाली उतरण्यात आहे. पण ग्राहकाने हे मनावर घेतले, की अडचण सुरू होते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकाराला कारखान्यातून जो आकार येतो, तो आपल्या गाडीला बसवला तर ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासेल का? विमा कंपनी पुढे हरकत घेईल का? मी हे विचारले तेव्हा दुकानात एक उत्तर मिळाले, सर्व्हिस सेंटरमध्ये दुसरे, आणि विमा एजंटने तर फोनवर नुसते हसून विषय बदलला. लेखी कोणीच काही देईना.

आकाराशेजारी अजून एक जोडी असते, उदाहरणार्थ ११० एच. ११० म्हणजे एका टायरने पेलायचे वजन, १०६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. वजनाचा आकडा कारखान्याने दिलेल्यापेक्षा कमी कधीही घेऊ नये. पण जास्त घेण्यातही शहाणपण नाही, आणि इथे दुकानदार हमखास ‘हेवी ड्यूटी’ म्हणून जाड टायर गळ्यात घालतात. एक्सएल किंवा एलटी लिहिलेल्या टायरचा सांगाडा जास्त ताठ असतो, तो पिकअपमध्ये खडी वाहायला उत्तम. आई-वडिलांना वाहायला नको.

हवेच्या दाबाबद्दल थोडक्यात, कारण ते सगळ्यांना माहीत असते आणि कोणी पाळत नाही. चालकाच्या दाराच्या खांबावर पाटी असते. तिच्यावरचा आकडा टायर थंड असताना भरायचा. पंपावरचा मुलगा मात्र मोठी गाडी दिसली की न विचारता पस्तीस-छत्तीस भरून मोकळा होतो. चार-पाच पीएसआय जास्त भरले, की हजारो रुपये घालून आणलेला मऊ टायर फुकट कडक. बेंगळुरूकरांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ९२० मीटरवर आहे. इथे भरलेली हवा घेऊन मुंबईला उतरलो, की बाहेरच्या हवेचा दाब वाढल्याने तापमान तेच असले तरी गेजवर सुमारे दीड पीएसआय कमी दिसते. टायर गळत नसतो. कोकणात उतरून घाबरून हवा भरणाऱ्यांनी परत वर आल्यावर ती काढावी, एवढेच.

आणि कधी कधी दोष टायरचा नसतोच. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ यांसारख्या गाड्या ट्रकसारख्या लॅडर फ्रेमवर बांधलेल्या असतात. त्यांची मागची बाजू रिकाम्या गाडीत थोडी उडणारच, आणि भरल्या गाडीत ती निवते. रबरी बुश फुटले असतील, शॉकअप तेल गाळत असतील, ताशी ८०ला स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी ते बघावे. थरथर बहुतेक वेळा बॅलन्सिंगने जाते. यांतले काही न तपासता चार नवे टायर विकणारा दुकानदार मला तरी भेटत आला आहे, तपासणारा अजून शोधतो आहे.

आता आपल्या मंत्रालयाकडे.

जून २०२२मध्ये आपण मोटार वाहन नियमांतील नियम ९५ दुरुस्त केला. कार, हलकी व्यापारी वाहने आणि ट्रक-बस, या तिन्हींच्या टायरना एआयएस-१४२ हे मानक लागू झाले. ओल्या रस्त्यावरची पकड, रस्त्यावर फिरताना वाया जाणारी ऊर्जा आणि टायरचा आवाज, या तिन्हींची मर्यादा ठरली. मी तेव्हा मनापासून आनंदलो होतो. पण ही परीक्षा झाली ‘पास’ किंवा ‘नापास’ एवढीच. कोणाला पस्तीस मिळाले आणि कोणाला पंच्याण्णव, हे प्रगतिपुस्तक पालकांना दाखवतच नाहीत. दुकानात मांडलेले सगळे टायर पास झालेले. म्हणून सगळे सारखेच, असे मानून ग्राहकाने डोळे मिटून बोट ठेवायचे.

युरोपात हे प्रगतिपुस्तक २०१२पासून टायरला चिकटवलेले असते. मे २०२१मध्ये ते सुधारले: इंधनबचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशा श्रेणी, आवाज डेसिबलमध्ये, शिवाय एक क्यूआर कोड, तो मोबाइलने टिपला की सरकारी नोंदवहीत त्या टायरची सगळी माहिती उघडते. भारतात बनलेला टायर तिकडे विकायला गेला, तर त्यालाही हे लेबल लागतेच. म्हणजे आपल्या कामगाराने बनवलेल्या टायरची ओल्या रस्त्यावरची श्रेणी रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला ठाऊक, आणि जे. सी. रोडवरच्या गिऱ्हाइकाला ‘सॉफ्ट बेका सर?’ इतकेच. मी स्वतः टायर निवडताना त्या युरोपीय नोंदवहीत शोधाशोध केली. काही नावे सापडली, काही नाहीत. आणि सापडलेल्यांचाही इथे विकला जाणारा टायर तोच असेल याची खात्री कोण देणार?

आपल्याकडे काहीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने फ्रीज आणि एसीसारखे तारे टायरनाही द्यायला सुरुवात केली, आणि २०२२मध्ये मिशेलिनच्या दोन टायरना पहिले तारे मिळाले. पण ती योजना ऐच्छिक म्हणून आली, आणि तारे मुख्यतः इंधनबचतीचे. इथे माझी एक शंका आहे, ती स्पष्ट मांडतो. गाडी बनवणारी कंपनी कारखान्यात बसवायचा टायर निवडते तेव्हा मायलेजच्या आकड्याकडे तिचे बारीक लक्ष असते, म्हणून ती कमी ऊर्जा खाणारा टायर पसंत करते. त्यात चूक नाही. पण कमी ऊर्जा खाणे, ओल्यात घट्ट धरणे आणि गचके गिळणे या तिघांची आपसांत ओढाताण असते. टायर तापला म्हणजे त्याने काहीतरी गिळले. ज्याने काही गिळलेच नाही, त्याचा धक्का मणक्यापर्यंत पोचला. हल्ली सिलिका घालून ही ओढाताण बरीच सैल करता येते, तरी संपत नाही. म्हणून दुकानात फक्त इंधनाचे तारे लावले, तर लोक ताऱ्यांकडे बघून टायर घेतील आणि होसूर रोडवर पहिला पाऊस पडून तेल वर आलेले असताना, पकडीचा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा येईल.

आरामाचा तारा मी मागत नाही. आराम हा गाडी, रस्ता, वजन आणि कंबर या चौघांचा मिळून असतो. त्याला श्रेणी देता येत नाही आणि दिली तर ती खोटी असेल. मागणी साधी आहे. एआयएस-१४२च्या चाचणीत जे आकडे तुमच्या मान्यताप्राप्त संस्थांकडे, मग ती पुण्याची एआरएआय असो किंवा दुसरी कोणती, आधीच नोंदले गेले आहेत, ते तिन्ही आकडे प्रत्येक टायरवर छापून लावायची सक्ती करा. आवाजाचा आकडा गाडीबाहेर मोजलेला असतो, आतला नव्हे, हे मला कळते. तरी दोन टायरांत तीन डेसिबलचा फरक असेल, तर एक दुसऱ्याच्या दुप्पट ध्वनिऊर्जा बाहेर टाकतो, आणि आतही त्याचा अंदाज येतो. ओल्या रस्त्यावरच्या श्रेणीवरून रबर कोणत्या जातीचे आहे हे जाणत्याला समजते. आकार, वजनाचा आकडा आणि हे तीन निकाल समोर असले, की माझ्यासारखा माणूस स्वतः निवड करू शकेल.

त्याच्याच जोडीला, प्रत्येक मॉडेलला कारखान्याने मान्य केलेले सगळे टायर-रिम आकार एका सरकारी ठिकाणी जाहीर करा. मान्यता देताना ही माहिती कंपनीकडून आपल्याकडे येतेच. ती उघडी केली, की १८वरून १७वर उतरणाऱ्याला विमा एजंटच्या हसण्यावर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि २०वर चढणाऱ्यापुढे वाहतूक पोलिसांनाही ही यादी धरता येईल.

कंपन्या खर्चाचे कारण देतील. सप्टेंबर २०२५मध्ये टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा एका कागदी लेबलाने कोणी बुडणार नाही. आणि जून २०२०पासून आयात टायरांवर परवान्याचे बंधन असल्याने इथल्या कारखान्यांना घरचे मैदान मोकळे आहे. नाशिक, चाकण, वाळूज, आपल्या नागपूरजवळचे बुटीबोरी, इकडे मैसूर आणि चेन्नई: सगळीकडे उत्तम टायर बनतात. ज्यांचे उत्तम आहेत ते लेबलाचे स्वागतच करतील. विरोध कोण करते, यावरूनही ग्राहकाला बरेच कळेल.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशावरच टायर तपासून गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. चांगले केले. पण तिथे टायरचे शेवटचे दिवस तपासले जातात. मी बोलतो आहे ते त्याच्या खरेदीच्या दिवसाबद्दल. २०२३मध्ये भारत एनकॅप सुरू करून आपण गाडीच्या धडकेचे गुण लोकांसमोर मांडले, आणि दोन-तीन वर्षांत ग्राहक शोरूममध्ये ‘किती स्टार?’ असे विचारू लागले. धडक होऊच नये यासाठी रस्त्याला टेकलेले जे चार तळहाताएवढे रबर असते, त्याचे गुण विचारायची सोय तेवढी राहिली आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बेंगळुरूतला एक मराठी वाहनधारक

ता. क. – जुलै २०१९मध्ये राज्यसभेत आपण टायरमध्ये नायट्रोजन भरणे सक्तीचे करण्याचा विचार बोलून दाखवला होता. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, जरा हळू गळतो, हे खरे. पण चुकीच्या दाबाने भरला तर तोही तितकेच गचके देतो. सक्ती करायचीच असेल, तर पंपावरच्या गेजची वर्षातून एकदा तपासणी आणि तपासल्याची तारीख त्याच्यावर लिहिण्याची करा. आमच्या भागातल्या दोन पंपांवर एकाच टायरची, एकाच सकाळी, दोन वेगळी उत्तरे येतात.